चहासोबत बिस्किट, हे कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत एक प्रोग्रॅम होता, नाव नेल. त्याच्याकडे कोट्यवधी नोंदी जमल्या होत्या आणि त्यातली एक नोंद अशी की चहासोबत बिस्किटं देतात. ही कुणी माणसानं बसून टाईप केली नव्हती. नेलनं इंटरनेटवरची पानं वाचून वाचून ती स्वतःच काढली होती, आणि शेजारी आपल्याला या गोष्टीची किती खात्री वाटते तेही आकड्यात लिहून ठेवलं होतं. नेल म्हणजे नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्निंग. टॉम मिचेल नावाच्या प्रोफेसरांचा हा प्रोजेक्ट, जानेवारी २०१० मध्ये चालू केला, आणि मग दिवसाचे चोवीस तास नुसता वाचत बसलेला. २०१८ मध्ये त्यांनी लिहिलं तेव्हा नोंदी १२ कोटींपर्यंत गेल्या होत्या.

आता चॅटजीपीटी आल्यापासून "एआय इंटरनेट वाचून शिकतं" हे वाक्य कुणीही सहज बोलून जातं. पण वाचून शिकतं म्हणजे नेमकं करतं काय, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. मला विचाराल तर हे समजून घ्यायला आजच्या भल्यामोठ्या मॉडेलपेक्षा नेल बरा, कारण आत काय चाललंय ते त्याच्यात उघडून बघता यायचं, चुकलं तर कुठून चुकलं तेही सापडायचं. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल, आणि त्याच्या आधीच्या दोनतीन भन्नाट प्रयोगांबद्दल.

मुळात वाचायला लावायची गरज का पडली ते आधी बघू. १९८४ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात डग लेनाट या माणसानं सायक नावाचा प्रोजेक्ट काढला. कल्पना सरळ होती, कॉम्प्युटरला साधी अक्कल नसते तर आपण ती लिहून देऊ. माणसं नोकरीला ठेवायची आणि त्यांनी दिवसभर बसून आपल्याला जे जे माहीत असतं ते नियमांच्या भाषेत लिहायचं, म्हणजे पावसात उभं राहिलं की माणूस भिजतो, आई मुलापेक्षा वयानं मोठी असते, असल्या गोष्टी. वर्षानुवर्षं हे काम चाललं, लाखोंनी नियम जमले, पण संपेचना. कारण आपल्याला काय काय माहीत आहे याची यादी आपल्याकडेच नसते हो. तुम्हाला हजारो गोष्टी माहीत आहेत पण "लिहा" म्हटलं की पंधरावीसवर पेन थांबतं. लेनाटच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ज्ञान हातानं भरायचं हा रस्ता फार लांबचा निघाला.

मग दुसरी बाजू. लोकांनी आधीच इतकं लिहून ठेवलंय, पुस्तकं, पेपर, ज्ञानकोश, आणि नंतर इंटरनेट, तर त्यातूनच उचला की. अडचण एवढीच की उचलायला आधी वाक्याचा अर्थ कळायला हवा, आणि अर्थ कळायला जगाचं ज्ञान हवं, जे मिळवण्यासाठीच तर वाचायचंय. इथे गाडी अडकली होती.

ती सोडवली १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट या संशोधक बाईंनी, आणि युक्ती इतकी साधी की आपल्याला का नाही सुचली असं वाटतं. त्यांनी म्हटलं अर्थ बाजूला ठेवा, वाक्याचा साचा बघा. त्यांच्या पेपरात एक वाक्य होतं, बाम्बारा न्दांग यासारखं धनुष्यवीणेच्या जातीचं वाद्य तारा छेडून वाजवतात, अशा अर्थाचं. आता बाम्बारा न्दांग हे आपण कधी बघितलेलं नाही, ऐकलेलं नाही, तरी वाक्य वाचताक्षणी कळलं ना की हे कसलं तरी तारेचं वाद्य आहे? ते "यासारखं" या शब्दामुळे कळलं. मराठीत घ्यायचं तर "आंबा, फणस, जांभूळ यांसारखी फळं" असं लिहिलेलं दिसलं की ज्यानं आयुष्यात जांभूळ खाल्लं नाही त्यालाही कळतं की जांभूळ हे फळ आहे. कॉम्प्युटरला तर फळ म्हणजे काय हेही माहीत नसतं, पण "हे त्याच्या प्रकारात मोडतं" एवढं नातं त्याला काढता येतं. असे पाचसहा साचे दिले आणि ज्ञानकोशाच्या मजकुरावर सोडले की याद्या बाहेर पडायला लागतात.

यात साचे मात्र माणसानंच द्यायचे होते. पुढची उडी सर्गेई ब्रिननं मारली, १९९८ मध्ये, तेव्हा तो स्टॅनफर्डला विद्यार्थी होता आणि ज्या गूगल कंपनीचा तो एक संस्थापक, ती त्याच वर्षी निघायची होती. त्यानं कॉम्प्युटरला फक्त पाच पुस्तकं दिली, लेखकाचं नाव आणि पुस्तकाचं नाव अशा पाच जोड्या, बास. आणि सांगितलं की या जोड्या वेबपानांवर कुठे कुठे दिसतात ते शोध. जिथे दिसल्या तिथे आजूबाजूला काय लिहिलंय ते बघ, म्हणजे आधी पुस्तकाचं नाव मग स्वल्पविराम मग लेखकाचं नाव मग कंस, असं काहीतरी. तोच साचा. आता तो साचा घेऊन परत सगळी पानं फिर, साच्यात बसणाऱ्या नव्या जोड्या उचल, मग त्या नव्या जोड्या कुठे कुठे दिसतात बघ, त्यातून नवे साचे काढ, आणि असंच गोल गोल. उदाहरणांवरून साचे, साच्यांवरून उदाहरणं. त्याच्याकडे २ कोटी ४० लाख पानांचा साठा होता. पहिल्या फेरीत पाच पुस्तकं १९९ ठिकाणी सापडली, त्यातून जेमतेम ३ साचे निघाले, आणि त्या ३ साच्यांनी ४,०४७ जोड्या आणून दिल्या. शेवटी आकडा १५ हजारांच्या वर गेला. यातली मला आवडलेली बारीक गोष्ट म्हणजे दिलेल्या पाचांपैकी फक्त दोन पुस्तकांनी सगळे साचे मिळवून दिले, कारण ती दोन्ही सायन्स फिक्शनची होती, आणि तेव्हा वेबवर पुस्तकांच्या लांबच लांब याद्या करत बसणारे लोक बहुतेक त्याच पंथातले.

पण हे गोल गोल फिरणं दिसायला जितकं छान तितकंच धोक्याचं. समजा आपण मराठीत "डोंगर" हा प्रकार शिकवतोय. सुरुवातीला कळसूबाई आणि साल्हेर ही नावं दिली. मशीननं पानं चाळली, "आम्ही कळसूबाई चढलो" असं बऱ्याच ठिकाणी दिसलं, तर साचा मिळाला, "अमुक चढलो". आता हा साचा घेऊन फिरल्यावर राजगड येतो, ठीक आहे चालवून घेऊ, पण "जिना चढलो" पण येतं. झालं, जिना डोंगरात गेला. पुढच्या फेरीत मशीन जिना या "डोंगरा"च्या आजूबाजूला काय लिहितात ते बघतं, तर "जिना पुसला". मग "अमुक पुसला" हा डोंगराचा साचा ठरतो, आणि त्यातून येतात फळा, ओटा, आरसा. दोन फेऱ्यांत स्वयंपाकघराचा ओटा सह्याद्रीत जाऊन बसला, आणि मशीनच्या मते सगळं नियमानं झालेलं. ताप चढतो, पारा चढतो, सोन्याचा भाव चढतो, ते तर मी अजून धरलंच नाहीये. संशोधक याला ड्रिफ्ट म्हणतात, म्हणजे वाहवत जाणं. चूक एकदाच होते, पण तीच पुढच्या शिकण्याचा पाया होते, त्यामुळे ती वाढत जाते.

नेलचा स्वतःचा असाच किस्सा प्रसिद्ध आहे. भाजलेल्या पदार्थांचा एक प्रकार होता, केक, पाय, ब्रेड, कुकीज वगैरे. वाचता वाचता त्याला "इंटरनेट कुकीज" भेटल्या, म्हणजे ब्राउझरमध्ये वेबसाइट जी छोटी फाइल ठेवते त्या. नावात कुकीज, टाका बेकरीत. मग लोक लिहितात की मी इंटरनेट कुकीज डिलीट केल्या, तर नेलनं "डिलीट केल्या" हा बेकरीचा साचा धरला, आणि लोक फाइल्सही डिलीट करतात, म्हणून कॉम्प्युटरच्या फाइल्सही भाजलेले पदार्थ झाल्या. शेवटी माणसाला मध्ये पडून ते निस्तरावं लागलं. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये हा किस्सा छापून आला होता.

आता मिचेलच्या टीमची खरी कल्पना काय होती ती सांगतो, कारण बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकच गोष्ट शिकवायला घेतली तर मशीन वाहवत जातं, पण शेकडो गोष्टी एकाच वेळी शिकवल्या तर कमी वाहवतं. हे उलटं वाटतं, म्हणजे एक प्रकार नीट जमत नाहीये आणि तुम्ही शंभर लादताय? पण पेपरातलं शब्दकोडं आठवा. नुसते आडवे शब्द दिले असते तर अर्धे चुकले असते आणि चुकलेत हे कळलंही नसतं. उभे शब्द असतात म्हणून कळतं, आडवा शब्द बिनधास्त भरला पण उभ्यात त्याचं "क" बसेना की आपण परत विचार करतो. कोडं मोठं म्हणून अवघड नाही होत, उलट जितके शब्द एकमेकांना छेदतील तितकी खात्री वाढते.

नेलमध्ये हे छेदणं कसं केलं होतं? सुरुवातीला १२३ प्रकार आणि ५५ नाती दिली होती. प्रकार म्हणजे शहर, कंपनी, खेळाडू, पक्षी असे, आणि नाती म्हणजे अमुक खेळाडू अमुक टीमकडून खेळतो, अमुक कंपनीचं हेडक्वार्टर अमुक शहरात आहे अशी. प्रत्येकाची १० ते १५ उदाहरणं, आणि वाचायला ५० कोटी वेबपानं. सोबत काही मर्यादा घातलेल्या, की जे शहर आहे ते पक्षी असू शकत नाही, आणि हेडक्वार्टरच्या नात्यात एका बाजूला कंपनीच आणि दुसऱ्या बाजूला शहरच हवं. म्हणजे आपल्या उदाहरणातला ओटा डोंगरात शिरायला लागला, पण त्याच वेळी "घरातल्या वस्तू" हा प्रकारही शिकणं चालू असेल आणि त्या वर्गानं ओट्यावर आधीच हक्क सांगितला असेल, तर डोंगरवाल्याला दारातच अडवता येतं. एक प्रकार दुसऱ्यावर लक्ष ठेवतो. पगारी पहारेकरी लागत नाही.

दुसरं छेदणं वाचणाऱ्यांचं. नेलच्या आत एकच वाचणारा नव्हता, चार होते. एक वाक्यातले साचे बघायचा. दुसरा वाक्यं बघतच नव्हता, तो वेबपानांवरच्या याद्या आणि टेबलं बघायचा, की एका यादीत मुंबई, पुणे, नाशिक असेल तर चौथंही शहरच असणार. तिसरा फक्त शब्दाचा चेहरा बघायचा, कॅपिटल अक्षर आहे का, शेवट कसा होतो वगैरे. हा तिसरा आपल्याकडेही मजेशीर चालेल, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर बघून तो म्हणेल "पूर" आलं की शहर, आणि मग भरपूर, कापूर आणि महापूर ही तीन शहरं नकाशावर आणेल. म्हणूनच एकट्याच्या शब्दावर सहसा विश्वास ठेवायचा नाही. वाक्यवाला आणि यादीवाला दोघं वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकच नाव घेत असतील तर ते पक्क्या नोंदीत जाणार, एकच जण म्हणत असेल तर त्याला फार म्हणजे फारच खात्री असायला हवी, नाहीतर ते उमेदवारांच्या यादीत थांबणार. चौथा होता नियम काढणारा. तो जमलेल्या नोंदींकडे बघून म्हणायचा की खेळाडू ज्या टीममध्ये असतो आणि ती टीम जो खेळ खेळते तोच खेळ बहुधा त्या खेळाडूचा, मग जे कुठेच थेट लिहिलेलं नाही तेही तो अंदाजानं भरायचा.

वेगवेगळ्या वाटेनं आलेले दोन साक्षीदार, ही कल्पना मिचेलकडे आधीपासूनच होती. १९९८ मध्ये त्यानं आणि अव्रिम ब्लमनं युनिव्हर्सिटीची वेबपानं घेऊन एक प्रयोग केला होता. पान कुठल्या कोर्सचं आहे की नाही एवढंच ओळखायचं. एक मशीन पानावरचे शब्द वाचणार, दुसरं पान न वाचता त्या पानाकडे नेणाऱ्या लिंकवरचे शब्द वाचणार, आणि दोघं आपापली खात्रीची उत्तरं एकमेकांना देत शिकणार. हातानं उत्तर लिहून दिलेली उदाहरणं फक्त १२ होती, तरी चुकांचं प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. बाकीचं शिकणं दोघांनी एकमेकांकडून केलं.

मग नेल सुटला का वाहवत जाण्यातून? पूर्ण नाही, आणि टीमनं ते लपवलंही नाही. पहिले ६७ दिवस चालवून त्यांनी हिशोब मांडला तेव्हा २,४२,४५३ नव्या नोंदी होत्या आणि साधारण ७४ टक्के बरोबर होत्या. पण कालावधीचे तीन तुकडे पाडले तर पहिल्या तुकड्यात ९० टक्के बरोबर, दुसऱ्यात ७१ आणि तिसऱ्यात ५७. म्हणजे उतरण होतीच, फक्त कडेलोट झाला नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातले सगळ्यात प्रामाणिक आकडे हेच. सरासरी ७४ सांगून गप्प बसता आलं असतं की.

पहिले सहा महिने कुणी हात लावला नव्हता. मग लक्षात आलं की बहुतेक प्रकार ठीक चाललेत पण साधारण एक चतुर्थांश फारच भरकटलेत. तेव्हा जून २०१० पासून दर दोन आठवड्यांनी माणसं एकेका प्रकारावर पाचेक मिनिटं नजर टाकायला लागली, ढोबळ चुका दिसल्या की खूण करायची, बास एवढंच. ऑक्टोबरमध्ये ३ लाख ९० हजार नोंदी होत्या आणि अचूकता अंदाजे ८७ टक्के. पाच मिनिटांची ही किंमत बघा. सायकमध्ये माणसानं सगळंच लिहायचं होतं, इथे माणसानं फक्त "हे काय भलतंच" एवढं म्हणायचं होतं, आणि ते आपल्याला फार सहज जमतं. पुढे नेल ट्विटरवर आपल्या नोंदी टाकायचा आणि लोक त्याला दुरुस्त करायचे, ते वाचायला मजा यायची.

इथे एक वेगळीच भानगड सांगायला हवी जी कितीही चांगलं वाचलं तरी सुटत नाही. लोक सगळं लिहीत नाहीत. जे नेहमीचं असतं ते तर मुळीच लिहीत नाहीत, श्वास घेतला, डोळे मिचकावले हे कोण लिहिणार, कुणाचा खून झाला तर शंभर बातम्या. जोनाथन गॉर्डन आणि बेंजामिन व्हॅन डर्म या दोघांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं, इंग्रजी मजकुरात "खून केला" हे "श्वास घेतला" आणि "डोळे मिचकावले" यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतं. नुसतं वाचून जग शिकणाऱ्याला वाटेल की माणसं दिवसभर एकमेकांचे मुडदे पाडतात आणि मधूनच कधीतरी श्वास घेतात. सायकवाले ज्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी हातानं लिहीत बसले होते त्या नेमक्या याच होत्या, इंटरनेटवर न सापडणाऱ्या.

आता आजच्या मॉडेलकडे येऊ, थोडक्यात. चॅटजीपीटीसारख्या मॉडेलला प्रकार नाहीत, नाती नाहीत, नोंदवही नाही. त्याला मुख्यतः एकच खेळ शिकवलेला असतो, मजकूर दाखवायचा आणि पुढचा शब्द ओळख म्हणायचं. "शिवाजी महाराजांचा जन्म" इथपर्यंत दाखवलं तर पुढे शिवनेरी यायला हवं. चुकलं की आतले आकडे, म्हणजे ज्यांच्या जोरावर ते पुढचा शब्द ठरवतं ते, किंचित हलवायचे, बरोबर आलं की त्या बाजूला आणखी थोडे झुकवायचे, आणि हे अब्जावधी वेळा. पुढचा शब्द सतत बरोबर ओळखायचा तर नाइलाजानं इतिहास, भूगोल, रेसिपी, व्याकरण सगळंच थोडंथोडं आत मुरतं. २०२० मध्ये आलेल्या जीपीटी-३ मध्ये असे आकडे १७,५०० कोटी होते आणि शिकताना त्यानं ३०,००० कोटी टोकन वाचले, टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. यातून जे भाषेवरचं प्रभुत्व आलं ते नेलला स्वप्नातही जमलं नसतं, ते मान्यच करावं लागेल, नेलला धड एक वाक्य लिहिता येत नव्हतं.

पण शिवनेरी ही नोंद त्या १७,५०० कोटी आकड्यांत कुठे आहे? कुठेच एका जागी नाही. नेलला विचारता यायचं की बाबा हे तू कुठल्या साच्यातून काढलंस, कुठल्या वाचणाऱ्यानं सांगितलं, किती खात्री आहे, आणि चुकलेली ओळ खोडता यायची. इथे खोडायला ओळच नाही. आणि मॉडेल खात्रीनं बोलतं तेव्हा ती खात्री वाचलेल्या पुराव्याची आहे की नुसती वाक्य छान जुळल्याची, हे बाहेरून कळत नाही. म्हणून तर हल्ली चॅटबॉट उत्तर द्यायच्या आधी इंटरनेटवर शोधतात आणि खाली लिंक देतात. तिथेच नोंदवहीची उणीव भरून काढायचा प्रयत्न चाललाय असं मला तरी वाटतं. थोडा मागच्या दारानं, पण चाललाय.

आणि वाहवत जाणं? ते परत आलंय, नव्या कपड्यात. आता इंटरनेटवर मॉडेलनंच लिहिलेला मजकूर भरमसाठ पडतोय आणि पुढची मॉडेलं तोच वाचणार. २०२४ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात शुमायलोव्ह आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी एका मॉडेलनं लिहिलेल्या मजकुरावर दुसरं मॉडेल शिकवलं, त्याच्या मजकुरावर तिसरं, असं पुढे पुढे. सुरुवातीचा मजकूर चर्चच्या जुन्या बांधकामाबद्दल होता, आणि नवव्या पिढीपर्यंत मॉडेल रंगीबेरंगी शेपट्यांच्या सशांची यादी करत बसलं, काळ्या शेपटीचे ससे, पांढऱ्या शेपटीचे, निळ्या शेपटीचे. ओटा सह्याद्रीत गेला होता तसलीच भानगड, आपणच काढलेलं परत आपणच पुरावा म्हणून वाचलं की असं होतं.

मराठीचं काय, हा प्रश्न येणारच. हर्स्टबाईंचे साचे किंवा नेलची पद्धत जशीच्या तशी मराठीवर लावली तर पहिल्याच पायरीला अडते, कारण इंग्रजीत शहराचं नाव कुठेही तसंच राहतं, आपलं सातारा मात्र साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्याचा, साताऱ्यालासुद्धा असं बदलत जातं आणि मशीनला ही चार वेगळी गावं वाटतात. नवी मॉडेलं शब्दाचे तुकडे करून वाचतात म्हणून हा त्रास बराच कमी होतो, पण तुकडे कसे पाडायचे हे ती मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून शिकलेली, त्यामुळे मराठी शब्दाचे फार बारीक तुकडे होतात आणि तेच वाक्य वाचायला जास्त कष्ट पडतात.

मोठी अडचण मजकुराची. जीपीटी-३ नं वाचलेल्या शब्दांपैकी ९३ टक्के इंग्रजी होते, उरलेल्या ७ टक्क्यांत जगातल्या बाकी सगळ्या भाषा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते, पण माणसं किती यावर इंटरनेटवर लिहिलेलं किती हे ठरत नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटानं २०२२ मध्ये खास मराठीसाठी महाकॉर्पस हा मजकुराचा साठा काढला, त्यात २ कोटी ४८ लाख वाक्यं आणि २८.९ कोटी टोकन, आणि त्यावर महाबर्ट वगैरे मॉडेलंही केली, सगळी खुली ठेवली. मोठं काम आहे हे. तरी वरचे ३०,००० कोटी शेजारी ठेवून बघा, मोजायची पद्धत थोडी वेगळी आहे हे धरूनही हजारपटीचा फरक दिसतो. आणि आहे त्यातलं सगळं वाचण्याजोगं असतंच असं नाही. वेबवरून आपोआप गोळा केलेल्या २०५ संग्रहांची काही संशोधकांनी हातानं तपासणी केली, ती २०२२ मध्ये छापून आली, तर कमीत कमी १५ संग्रहांत कामाचं वाक्यच नव्हतं, आणि बरेच असे की अर्धीसुद्धा वाक्यं धड नाहीत. नाव एका भाषेचं, आत मजकूर दुसऱ्याच भाषेचा किंवा मशीननं भाषांतर केलेला कचरा. इंग्रजीत असला कचरा समुद्रात विरून जातो, छोट्या साठ्यात तो लगेच डोक्यावर बसतो.

त्यात आपला एक खास घोळ म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला ठरलेला एकच क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे रुळायच्या आधी, आणि खरं तर नंतरही कितीतरी वर्षं, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाईप झाला, पेपर, मासिकं, सरकारी कागद, संस्थांचे अहवाल. स्क्रीनवर ते अस्सल मराठी दिसतं पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त त्यांचं चित्र देवनागरी काढलेलं. मशीनला चित्र दिसत नाही, त्याला आतली अक्षरं दिसतात, ती निरर्थक असतात, आणि साफसफाईचा प्रोग्रॅम ते पान कचरा म्हणून फेकून देतो. माणसांनी लिहिलेला, संपादकांनी तपासलेला चांगला मराठी मजकूर असा ढिगानं बाहेर राहतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, आणि शिवाय त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करायची पद्धत तर युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, तेव्हा कन्व्हर्टरनं जागा बदलायला विसरलं की "विचार"चा "िवचार" होतो आणि "किती"चं "िकती". पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात हे तुम्हीही बघितलं असेल. आपण ते मनातल्या मनात सरळ करून पुढे जातो. वाचून शिकणारं मशीन मात्र "विचार" आणि "िवचार" हे दोन वेगळे शब्द म्हणून लिहून घेतं, आणि दुसरा जर पुरेशा पानांवर दिसला तर तोही मराठीच आहे असं खात्रीनं धरून चालतं.